घराबाहेरची हाक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



चिटणीसांनी धाडलेल्या पत्रात 'विद्यार्थी आणि शिस्त' असा विषय नमूद केला होता. परंतु शिस्तीवर आपल्या संमेलनांत आजवर इतकी व्याख्याने झाली आहेत की, विद्यार्थ्यांच्या अंगी ती बाणली असो वा नसो, आपणां श्रोत्यांस मात्र ती पाठ झाली असावीत. म्हणून चिटणीसांच्या अनुमतीने मी विषयाचा रोख किंचित बदलला आहे. घरात मन न रमलेली, दुखावलेली, बिथरलेली तेरा ते एकोणीस वर्षांची मुले एखाद्या कावेबाज माणसाच्या कह्यात कशी जातात, आणि ती तशी जात असताना आपण वडीलधारी माणसे काय करीत असतो, यासंबंधी मी आज बोलणार आहे.

मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि ३६ वर्षे पाचवी, सहावी, सातवीच्या वर्गांपुढे खडू घेऊन उभा राहिलो, एवढाच माझा अधिकार. सातवी संपली की मूल आमच्या हातून जाते. त्यानंतर ते भेटते ते बाजारात, एस. टी. स्टँडवर, गणपतीच्या मांडवात. आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून कविता म्हणणारा मुलगा तीन वर्षांनी कोणाच्या मोटारसायकलीवर मागे बसला आहे, हे पाहून शिक्षकास बरेच काही कळते. आईबापांस ते पुष्कळदा त्याच्याही नंतर कळते.

प्रथम एक दूरदेशीची हकिगत सांगतो. ती ऐकून आपल्यापैकी काहींना ती आपल्याशी संबंध नसलेली वाटेल. पण जरा धीर धरावा.

१९६७ सालच्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातल्या एका तुरुंगातून चार्ल्स मॅन्सन नावाचा ३२ वर्षांचा कैदी सुटला. त्याच्या आयुष्याची निम्म्याहून अधिक वर्षे सुधारगृहांत आणि तुरुंगांतच गेली होती. आपणांस बाहेर सोडू नये, येथेच राहू द्यावे, असे त्याने अधिकाऱ्यांस विनविले होते. हा माणूस जन्मला तेव्हा त्याची आई १६ वर्षांची होती. पुढे लहानपणीच त्याची रवानगी मुलांच्या एका संस्थेत झाली. तेथून पळून तो आईकडे आला, तर आईने त्याला पुन्हा परत धाडले. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाच्या मनात काय चालते, याचे शिक्षण या गृहस्थास असे फार लवकर मिळाले. दुर्दैव हे की त्या ज्ञानाचा उपयोग त्याने पुढे इतरांच्या मुलांवर केला.

सुटल्यावर तो सॅन फ्रान्सिस्को शहरी गेला. त्या उन्हाळ्यात साऱ्या अमेरिकेतून हजारो तरुण मुलेमुली घरे सोडून त्या शहरी लोटली होती. खिशात पैसा नाही, डोक्यावर छप्पर नाही, आणि घरी परत जाण्याची लाज! गळ टाकणाऱ्यास याहून भरलेले तळे कोठे मिळणार? वर्ष-दीड वर्षात त्याच्याभोवती एक टोळी जमली. तिला ते 'कुटुंब' म्हणत. हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. टोळीला कोणी टोळी म्हणत नाही.

या कुटुंबात कोण होते? आपण समजतो तशी गटारातली, बेवारशी पोरे नव्हती. लिनेट फ्रॉम ही १८ वर्षांची मुलगी विमानाच्या धंद्यातील एका इंजिनियराची कन्या. वडिलांशी भांडण होऊन घराबाहेर पडलेली ती पोर समुद्राकाठी रडत बसली असता मॅन्सन तेथे आला. त्याने तिला उपदेश केला नाही, जाब विचारला नाही. तिचे दुःख आपण ओळखले आहे, एवढेच तिला वाटावे असे बोलला आणि चालू लागला. ती उठून त्याच्यामागे गेली. पॅट्रिशिया क्रेनविंकल ही १९ वर्षांची, विमा कंपनीत कारकुनी करणारी. अंगाने जाड आणि केसाळ म्हणून शाळेत तिची टवाळी होत असे. तू सुंदर आहेस, हे तिला आयुष्यात प्रथम या माणसाने सांगितले. तिने नोकरी, मोटार आणि मिळावयाचा पगार जेथल्या तेथे टाकला आणि त्याच्याबरोबर निघून गेली. सुसान ॲटकिन्सची आई कर्करोगाने गेलेली, बाप दारूच्या आहारी. लेस्ली व्हॅन हाउटन ही तर शाळेच्या उत्सवात मुलांनी मानाने निवडलेली मुलगी. ती १४ वर्षांची असताना आईबाप विभक्त झाले आणि तेथून तिचे तारू भरकटले. या मंडळींत एक अवघी १४ वर्षांची मुलगीही होती. तिचे आईबाप स्वतःच घरदार मोडून भटक्यांच्या वसाहतीत राहावयास गेले होते.

लॉस एंजेलिसच्या सीमेवर जुन्या चित्रपटांसाठी उभारलेले एक घोड्यांचे कुरण होते. मालक ऐंशीच्या घरातला, जवळजवळ आंधळा. तेथे हे बिऱ्हाड पडले. आता या माणसाची रीत पाहावी, कारण माझ्या दृष्टीने साऱ्या हकिगतीतला शिकण्यासारखा भाग हाच. आल्या मुलाजवळचे पैसे आणि वस्तू प्रथम 'कुटुंबा'च्या होत. मग त्याचे नाव बदले. आईबापांनी ठेवलेले नाव गेले की आईबापही अर्धे गेले. घड्याळे, दिनदर्शिका आणि वर्तमानपत्रे यांस मज्जाव. बाहेर कोणता दिवस आहे हे ज्याला कळत नाही, त्याला आत सांगितले जाईल तेच खरे. रात्री जेवण एकत्र, आणि जेवणानंतर मॅन्सन गिटार घेऊन बसे, गाई आणि बोले, तासन्‌तास बोले. एल. एस. डी. नावाचे मनावर अंमल करणारे द्रव्य सर्वांस दिले जाई. तो स्वतः मात्र कमी घेई, असे त्याच्या साथीदारांनीच पुढे सांगितले. दुसऱ्यांची शुद्ध हरपावी आणि आपली शाबूत राहावी, हे जो पाहतो त्याला भक्त नकोत, बैल हवे असतात.

पहिल्याच दिवशी त्याने कोणास सुरा दिला नाही. प्रथम मुलींनी मोठ्या दुकानांमागच्या कचऱ्यातून टाकलेली भाजी उचलून आणावयाची. मग किरकोळ चोरी. मग रात्री परक्याच्या घरात गुपचूप शिरून, घरचे झोपलेले असताना सामान इकडचे तिकडे करून परत यावयाचे. याला त्यांनी 'क्रीपी क्रॉल' असे गमतीचे नाव दिले होते. चोरण्यापेक्षा भीती मोडणे हाच त्यात हेतू. पायरीपायरीने उतरलेल्या माणसास विहिरीची खोली जाणवत नाही.

शेवटची पायरी १९६९ सालच्या ऑगस्टमध्ये आली. ८ तारखेच्या रात्री मॅन्सनने चौघांना धाडले. त्या रात्री चित्रपटनटी शॅरन टेट आणि तिच्या घरी असलेले असे पाच जण प्राणास मुकले. टेट ही २६ वर्षांची होती आणि तिचे दिवस भरत आले होते. दुसऱ्या रात्री ला बियांका नावाच्या दांपत्याची हत्या झाली. त्या रात्री मॅन्सन घरात शिरला, दोघांस बांधून ठेविले आणि स्वतः निघून गेला. पुढचे काम त्याने पोरांवर सोपविले. दोन्ही रात्री त्याचे हात कोरडे राहिले.

खटला १९७० च्या जूनमध्ये उभा राहिला आणि १९७१ च्या मार्चमध्ये देहान्ताची शिक्षा झाली. १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षाच घटनाबाह्य ठरविल्याने तिची जन्मठेप झाली. खटल्याच्या काळात त्या तिन्ही मुली कोर्टात हसत, गात येत. गुरूने कपाळावर फुली कोरली तर त्यांनीही कोरली, गुरूने डोके भादरले तर त्यांनीही भादरले. हत्याकांडाशी प्रत्यक्ष संबंध नसलेली ती लिनेट फ्रॉम १९७५ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांच्यावर पिस्तूल रोखून उभी राहिली आणि २००९ पर्यंत बंदिवासात राहिली. त्या वेळी मॅन्सन सहा वर्षांपासून गजांआड होता. गारुडी कोंडला तरी गारूड उतरत नाही, ते असे. सुसान ॲटकिन्स २००९ मध्ये कैदेतच वारली. मॅन्सन २०१७ मध्ये, ८३ वर्षांचा होऊन. लेस्ली व्हॅन हाउटन २०२३ सालच्या जुलैमध्ये सुटली तेव्हा तिचे वय ७३ होते. गुन्हा केला तेव्हा १९. मधल्या काळात तिने तुरुंगात पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली. म्हणजे बुद्धी नव्हती म्हणून ही मुलगी बुडाली, असे म्हणण्याची सोय राहत नाही.

न्यायालयात मॅन्सनने जे निवेदन केले त्याचा आशय असा होता की, ही मुले तुमची आहेत, तुम्हीच ती वाढविलीत आणि तुम्हीच रस्त्यावर टाकलीत; मी फक्त त्यांना आसरा दिला. हा कांगावाच होय. चोर पकडल्यावर 'दार उघडे होते' म्हणतो, तसा. त्यामुळे चोर सुटत नाही. पण दार उघडे होते हे खोटेही ठरत नाही.

अमेरिकेत काय वाटेल ते घडते, असे म्हणून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना १९७६ सालचे पुणे आठवत असेल. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होतो. पुण्याहून येणारे पाहुणे सांगत की दिवेलागणीनंतर रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नाही, आणि दारावर थाप पडली तर माणसे आधी खिडकीतून पाहतात. अभिनव कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या एका टोळक्याचे ते कृत्य होते, हे पुढे उघड झाले. राजेंद्र जक्कल हा त्यांचा म्होरक्या. १९७६ च्या जानेवारीत त्यांनी आपल्याच एका वर्गमित्रास, एका हॉटेलमालकाच्या मुलास, फसवून नेले. आपण घर सोडून जात आहोत अशी चिठ्ठी त्याच्याकडून वडिलांच्या नावे लिहवून घेतली, त्याचा प्राण घेतला आणि प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकले. ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातील तिघे, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात अभ्यंकर कुटुंबातील चौघे आणि त्यांच्या घरची मोलकरीण असे पाच जण, आणि १९७७ च्या मार्चमध्ये आणखी एक तरुण. एकूण दहा जीव. अभ्यंकरांच्या घरी ८८ वर्षांचे वृद्ध संस्कृत पंडित होते आणि १९ वर्षांचा नातूही होता. १९७८ च्या सप्टेंबरात फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास चौघांना फाशी देण्यात आले.

ही मुले किशोर नव्हती, कॉलेजकुमार होती, हे मला मान्य आहे. आणि त्यांची करुणा करावी म्हणून मी हे सांगत नाही. मला या प्रकरणातील दुसऱ्याच एका मुलाविषयी बोलावयाचे आहे. पहिल्या हत्येत त्यांचा एक सोबती सामील होता. तो पुढील हत्यांत नव्हता. खटल्यात तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीने पुष्कळ गोष्टी उजेडात आल्या. परंतु पहिली हत्या आणि अटक यांच्यामध्ये १४ महिने गेले, आणि त्या १४ महिन्यांत आणखी नऊ माणसे मारली गेली.

बंधुभगिनींनो, या १४ महिन्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. पहिले कृत्य हीच अशा म्होरक्याची खरी साखळी असते. आता तूही आमच्यातला, आम्ही बुडालो तर तूही बुडालास, असे त्याला सांगावेही लागत नाही. अशा साखळीत अडकलेला मुलगा त्या चौदा महिन्यांत घरी जेवला असेल, झोपला असेल, सणावारी पाया पडला असेल. आपल्या प्रत्येकाच्या घराविषयी मी हाच प्रश्न विचारतो. आपल्या मुलाने काही भयंकर पाहिले वा केले, तर ते तोंडातून काढण्यास त्याला आपल्या घरात जागा आहे काय? की बापाच्या रागाची भीती त्याला त्या दादाच्या रागापेक्षा मोठी वाटते?

मुलांच्या बुद्धीस अशा वेळी काय होते याचाही शास्त्रज्ञांनी शोध घेतला आहे. २००५ साली अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरील खेळात मोटार चालवावयाची. दिवा पिवळा झाला की थांबावयाचे की आणखी पुढे दामटायचे हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. एकटा बसला असता १३ ते १६ वर्षांचा मुलगाही बराच सावधपणे खेळे. शेजारी त्याचे मित्र बसविले की तोच मुलगा गाडी भरधाव सोडी. चोवीस वर्षांवरील माणसांवर मित्रांच्या असण्याचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे 'आमचा मुलगा घरी किती शहाण्यासारखा वागतो' हे आईचे म्हणणे खरेच असते. तो घरी एकटा असतो.

आजचे दिवस तर अधिक अवघड आहेत. पूर्वी दादाला चौकात उभे राहावे लागे; तो गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांच्या नजरेस पडे. आता तो मुलाच्या उशाखालच्या मोबाईलमध्ये असतो आणि रात्री दोन वाजता विचारतो, 'झोपला नाहीस का रे?' पुण्यात अलीकडच्या वर्षांत कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत पकडलेल्या मुलांची वये वाचून आमच्यासारख्या शिक्षकाचे काळीज हलते. या मुलांस कोणी तरी हेरून, फूस लावून पुढे केलेले असते; अल्पवयीनास शिक्षा कमी, हा हिशेब त्या मोठ्या माणसाने आधीच केलेला असतो. हे ध्यानी घेऊनच २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ८३ आहे. बेकायदेशीर कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. आपल्या मुलास नासविणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते, हे किती पालकांस ठाऊक आहे? १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. पसायदानाबरोबर तोही पाठ करून घेण्यास माझी हरकत नाही.

आता माझ्या पाहण्यातील एक उदाहरण. गाव आणि नाव सांगत नाही. एक विद्यार्थी हुशार, अक्षर मोत्यासारखे. आई वारली, वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आई वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पण घरात त्याच्याशी कोणी बोलत नसे. नववीत असताना तो एका दादाच्या मंडळात जाऊ लागला. या दादाने त्याला पहिल्या दिवशी काय दिले असेल? दारू नाही, पैसा नाही. 'जेवलास का?' असे विचारले आणि स्वतःबरोबर वडापाव खाऊ घातला. मग त्याला 'वाघ' म्हणू लागला. मग मोटारसायकल चालवावयास दिली. मग एक पुडके अमुक ठिकाणी पोचवून ये म्हणाला, आत काय आहे ते विचारू नकोस. वडिलांना कळले तेव्हा त्यांनी पट्ट्याने मारले आणि 'त्याच्याकडेच जा' म्हणून बाहेर काढले. तो त्याच्याकडेच गेला. दादाचे निम्मे काम वडिलांनी केले.

त्याला परत आणले ते मामाने. हा मामा फार शिकलेला नव्हता. सांगली जिल्ह्यात त्याचे गुऱ्हाळ होते. तो आला, चौकात पोराच्या शेजारी कट्ट्यावर बसला, आणि म्हणाला, "हंगाम सुरू झालाय, माणूस कमी पडतंय, चल." काय केलेस, कोणाबरोबर होतास, हे त्याने विचारले नाही. चार महिने मुलगा चुलवणाला चिपाडे घालीत होता, रात्री मामाच्या शेजारी झोपत होता. तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्याने आपण होऊन सगळे सांगितले. मामाने दुसऱ्या दिवशी वकिलास गाठले आणि मुलास घेऊन पोलिसांकडे गेला. ते सोपे झाले नाही. बालमंडळापुढे खेटे घालावे लागले, वर्ष फुकट गेले. आज त्या मुलाचे स्वतःचे वेल्डिंगचे दुकान आहे. अशा घटनेत बोध काय तो ज्याने त्याने घ्यावा; मला त्यातले एकच महत्त्वाचे वाटते की मामाने त्याला उपदेश करण्याआधी काम दिले. हे वय बसून राहण्याचे नव्हे. कोणाला तरी आपली गरज आहे, हे त्याला कळावे लागते. दादा हे जाणतो.

कोणी म्हणतील, मग मुलांनी कोणाच्या मागे जाऊच नये काय? मी तसे म्हणत नाही. कोणाच्या तरी पायाशी सर्वस्व वाहावे असे वाटणे हा या वयाचा गुण आहे, आणि तो नसता तर १९४२ सालच्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर अवघ्या १५ वर्षांचा शिरीषकुमार तिरंगा हाती घेऊन गोळ्यांसमोर उभा राहिला नसता. साने गुरुजींच्या शब्दाखातर सेवा दलातील मुलांनी विहिरी खणल्या, रस्ते झाडले. मग ओळखायचे कसे? माझी कसोटी साधी आहे. जो खरा वडीलधारा असतो, तो मुलास दिवसाउजेडी बोलावतो. त्याच्याकडे काय केले हे घरी सांगता येते. जो म्हणतो 'घरी सांगू नकोस', तो कितीही गोड बोलो, त्याच्यापासून मूल दूर करावे. तसेच तो स्वतः पुढे चालतो की पोरांना पुढे करतो, हे पाहावे. आणि मूल एक दिवस गेले नाही तर तो चौकशी करतो की धमकी देतो, हेही पाहावे. मग तो भगव्या वस्त्रातला असो, खादीतला असो, की उघड्या गुंड्यांच्या सदऱ्यातला.

आता थोडे कटू बोलतो, त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. 'आपल्या ज्ञातीत असले काही होत नाही,' हे वाक्य मी याच सभागृहात अनेकदा ऐकले आहे. ते खरे नाही, हे येथे बसलेल्या निदान काही घरांस ठाऊक आहे. आपण ते बोलत नाही, कारण बाहेरच्या दालनात वधूवर सूचक मंडळाचे टेबल मांडले आहे. मुलगा दादाच्या नादी लागला हे कळले तर त्याच्या बहिणीचे स्थळ जमेल कसे? या एका भीतीपायी आईबाप वर्ष-वर्ष गप्प राहतात, मावशी-आत्यांपासूनही लपवितात, 'तो मामाकडे शिकायला आहे' असे सांगतात. तिकडे दादाच्या हाती आयतेच शस्त्र येते. 'तुझ्या बहिणीचे लग्न मोडीन' ही धमकी त्याने दिली नसती तरी आपणच ती आपल्या मुलांस रोज देत असतो. चौकशीसाठी येणाऱ्या मंडळींनी मुलीचे गुण पाहावे, भावाचे तीन वर्षांपूर्वीचे उद्योग उकरू नयेत, असे आपण ज्ञाती म्हणून ठरविले तर एका दिवसात कित्येक घरांची जीभ मोकळी होईल. हे काम कायद्याचे नाही, सरकारचे नाही. आपल्याच हातचे आहे. मुलींविषयीही बोलले पाहिजे. मॅन्सनच्या कह्यात गेल्या त्यांत मुलीच अधिक होत्या. आपल्याकडे मुलगी संध्याकाळी सातच्या आत घरात आली की काळजी मिटली असे समजतात. घरात आल्यावर ती कोणाशी बोलते याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. आणि विचारपूस म्हणजे मोबाईल हिसकावून पाहणे नव्हे, हेही आजोबांनी वडिलांना समजावून सांगावे.

शेवटी मंडळाच्या कारभारातील एक गोष्ट. आपल्या वसतिगृहाच्या नियमपत्रकात कलम ११ असे आहे की, गैरवर्तनाबद्दल पोलिसांत नाव गेलेल्या विद्यार्थ्यास २४ तासांच्या आत वसतिगृहातून काढावे. हे कलम करणाऱ्यांचा हेतू इतर मुलांच्या रक्षणाचा होता, आणि तो रास्तच होता. पण खेड्यातून आलेला, शहरात दुसरे घर नसलेला सतरा वर्षांचा मुलगा ट्रंक घेऊन रात्री रस्त्यावर उभा राहिला तर त्याला प्रथम कोण भेटेल, याचा विचार त्यात नाही. म्हणून उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे मी एक दुरुस्ती मांडली आहे. अशा मुलास काढण्यापूर्वी त्याच्या घरचे कोणी येईपर्यंत, निदान १५ दिवस, मंडळाच्या एखाद्या सभासदाने त्याला आपल्या घरी ठेवून घ्यावे, आणि मंडळातील वकील बंधूंनी त्याच्याबरोबर चौकीवर जावे. माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. ती मी या कामी देऊ करतो. आणखी चार-पाच घरांची नावे मिळाली तर दुरुस्तीस विरोध करणाऱ्यांच्या शंका पुष्कळशा दूर होतील. कोऱ्या वहीत पहिले नाव माझे लिहिले आहे. वही चिटणीसांच्या टेबलावर, देणगीपुस्तकाच्या शेजारी ठेविली आहे; चहापानाच्या वेळी ती पाहावी, ही विनंती.